शिक्षकाचा ब्लॉग : कशावर काढावा, कशाने लिहावा?



शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी हमखास येणारा एक प्रश्न आहे. "मॅडम, मला पण ब्लॉग काढायचाय. ब्लॉगर चांगलं की वर्डप्रेस?" विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं, आणि ते मी लेखात पुढे देणारच आहे. पण डी.एड.ला आपण पाठ टाचण काढायचो ते आठवा. आधी उद्दिष्ट लिहायचं, शैक्षणिक साहित्याचा रकाना नंतर यायचा. तक्ता आधी रंगवून ठेवला आणि मग त्याला शोभेल असा पाठ शोधत बसलो, असं कोणी केलं तर मार्गदर्शक सर काय म्हणाले असते? ब्लॉगच्या बाबतीत मात्र बरेच जण नेमकं तेच करतात. टेम्पलेट आधी, नाव आधी, वर फिरती पट्टी आधी. लिहायचं काय आणि ते किती दिवस टिकायला हवं, हा विचार शेवटी.

म्हणून आज आपण एक नेमका नमुना घेऊ आणि तो वेगवेगळ्या जागी ठेवून बघू.

समजा, तुम्ही दुसरीला हातच्याची बेरीज शिकवली. आइस्क्रीमच्या काड्या घेतल्या. २७ म्हणजे दशकाचे दोन गठ्ठे आणि सात सुट्ट्या. १५ म्हणजे एक गठ्ठा आणि पाच सुट्ट्या. सुट्ट्या एकत्र केल्यावर बारा झाल्या, त्यातल्या दहांना रबर लावलं आणि नवा गठ्ठा दशकाच्या घरात सरकवला. एका मुलाने विचारलं, "पण मग याला हातचा का म्हणायचं? तो तर हातात नाही, दुसऱ्या घरात गेला." या प्रश्नावरच पुढचा अर्धा तास वर्ग रंगला. हा अनुभव तुम्हाला लिहायचा आहे. पाच-सहाशे शब्द, चार फोटो, दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि एक सरावपत्रिका. एवढाच ऐवज. पण दुसऱ्या तालुक्यातली एखादी नवीन शिक्षिका दोन वर्षांनी हाच पाठ घ्यायला बसेल, तेव्हा तिला हे सापडायला हवं. उद्दिष्ट हेच.

आता हा ऐवज व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकून बघा. पहिल्या तासात तीस अंगठे येतील. संध्याकाळपर्यंत त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, एक परिपत्रक आणि माहिती 'आजच' भरून पाठवण्याची सूचना येऊन बसेल. महिन्याभराने कोणी तो फोटो उघडायला गेलं तर फाईल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा, असा संदेश येतो. व्हॉट्सअ‍ॅप हे निरोप पोचवायचं साधन आहे, आणि त्या कामात ते उत्तमच आहे. पण निरोप्याच्या पिशवीला आपण कपाट समजायला लागलो की पंचाईत होते.

फेसबुकवर लेख थोडा जास्त दिवस जगतो, पण तिथे मागच्या वर्षीची नेमकी पोस्ट शोधून काढणं लिहिणाऱ्यालाही अवघड जातं, आणि खातं नसलेल्या पालकाला तर पान धड उघडतही नाही. यूट्यूबची गोष्ट वेगळी. गठ्ठा बांधतानाची कृती व्हिडिओतच जास्त कळते, तेव्हा व्हिडिओ तिथे जरूर ठेवा आणि लेखात जोडा. पण मुलाने काय विचारलं आणि आपण त्यावर काय केलं, हे वाचायला दोन मिनिटं लागतात आणि ऐकायला दहा. शिवाय सरावपत्रिका व्हिडिओतून छापता येत नाही.

म्हणजे लेख, फोटो, व्हिडिओ आणि सरावपत्रिका एकत्र राहतील, शोधल्यावर सापडतील आणि खातं न काढता उघडतील अशी जागा हवी. ती जागा म्हणजे ब्लॉग. आता खरा प्रश्न.

बाहेर पडायचा दरवाजा आधी बघा

घर भाड्याने घेताना आपण पाणी, उजेड, शेजार बघतो. इंटरनेटवर जागा घेताना मी सगळ्यात आधी एक गोष्ट बघते : इथून उद्या सामान उचलायची वेळ आली तर उचलता येईल का?

ही शंका उगाच नाही. याहूची जिओसिटीज ही फुकट संकेतस्थळं देणारी सेवा २००९ मध्ये बंद झाली. पोस्टरस नावाची ब्लॉगची अतिशय सोपी सेवा होती, ती ट्विटरने २०१२ मध्ये विकत घेतली आणि २०१३ मध्ये बंद केली. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गुगल प्लस २०१९ मध्ये. यात खास शिक्षकांसाठीच्या जागाही आहेत. वर्गाची विकी पानं बनवायला जगभरचे शिक्षक वापरत होते त्या विकीस्पेसेसने २०१८ मध्ये गाशा गुंडाळला. शिक्षक आणि विद्यार्थ्यांना जोडणारं एडमोडो २००८ पासून चालू होतं, ते सप्टेंबर २०२२ मध्ये थांबलं. कोणाला दोष द्यायला हे सांगत नाहीये. सेवा चालवायला पैसा लागतो, कंपनीचं धोरण बदलतं, हे व्हायचंच. पण ज्यांनी आधीच प्रत काढून ठेवली होती त्यांचं काम वाचलं, आणि इतरांचं मुदतीच्या आत निघालं तेवढंच.

तेव्हा कोणत्याही जागेला तीन प्रश्न विचारा. माझा सगळा मजकूर एका फाईलमध्ये उतरवून घेता येतो का? ती फाईल दुसरीकडे चालते का? आणि वर्षभर मी पैसे भरले नाहीत तर माझ्या लेखांचं काय होतं? दिसायला कसं आहे हा चौथा प्रश्न. तो चौथाच राहू द्या.

ब्लॉगर की वर्डप्रेस?

नवीन सुरुवात करणाऱ्या प्राथमिक शिक्षकासाठी माझं उत्तर ब्लॉगर. कारणं सांगते.

ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ मध्ये ते गुगलने घेतलं. जीमेल खातं असलं की पुरे. पैसे लागत नाहीत, जागेचं भाडं नाही, दरवर्षीचं नूतनीकरण नाही. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चांगलं आहे : वर्षभर तुम्ही लिहिलं नाही, खिशातून काही गेलं नाही, तरी लेख जागेवर असतात. फक्त खातं जिवंत ठेवा. दोन वर्षं वापरलंच नाही असं गुगल खातं काढून टाकलं जाऊ शकतं, हे लक्षात असू द्या.

पहिल्या प्रश्नाचं उत्तरही होकारार्थी आहे. सेटिंगमध्ये 'मॅनेज ब्लॉग' या भागात 'बॅक अप कंटेंट' असं एक बटण आहे. ते दाबलं की सगळे लेख एका फाईलमध्ये उतरतात. ही फाईल वर्डप्रेसमध्ये चढवता येते, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचीही सोय झाली. एक गोष्ट मात्र लोकांना माहीत नसते : या फाईलमध्ये मजकूर असतो, फोटो नसतात. फोटोंचे फक्त पत्ते असतात. म्हणून मूळ फोटो आणि सरावपत्रिका स्वतःच्या संगणकात किंवा पेनड्राइव्हवर, लेखाच्या नावाच्या फोल्डरमध्ये वेगळ्या ठेवाव्या लागतात. महिन्याच्या शेवटी हजेरीची बेरीज मारतो ना, त्याच दिवशी हे काम उरकावं. पाच मिनिटांचं आहे.

वर्डप्रेसबद्दल बोलताना बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक आहे वर्डप्रेस डॉट कॉम. तिथे खातं काढून फुकट लिहिता येतं, पण फुकटच्या पानांवर त्यांच्या जाहिराती दिसतात आणि जास्तीच्या सोयींना पैसे पडतात. दुसरं आहे वर्डप्रेस डॉट ऑर्ग. तिथून मिळतं ते नुसतं सॉफ्टवेअर. ते फुकट आणि मुक्त आहे, २००३ पासून आहे आणि आज जगातली ४० टक्क्यांहून जास्त संकेतस्थळं त्यावर चालतात. पण ते बसवायला होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची जागा, भाड्याने घ्यावी लागते. 'वर्डप्रेस फुकट आहे' हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं. विहिरीचं पाणी फुकट, पण मोटार आपली आणि वीजबिलही आपलं!

होस्टिंगच्या जाहिरातीत महिन्याचा जो स्वस्त दर दिसतो तो बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तर असतो, आणि नूतनीकरणाचा दर त्याहून बराच जास्त. तो बारीक अक्षरातला दर वाचूनच ठरवा. त्यात पुन्हा सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेली प्लगिन्स वेळोवेळी अद्ययावत करावी लागतात. नाही केली तर कोणीतरी आत शिरून भलतंच काही डकवून जातं. परीक्षा, सर्वेक्षण, पोषण आहाराच्या नोंदी यातून ज्यांना हे सांभाळायला वेळ आणि आवड आहे त्यांनी जरूर वर्डप्रेस घ्यावं. त्यात करता येतं ते ब्लॉगरमध्ये येत नाही, हेही खरं. चार-पाच शिक्षक मिळून मोठं संकेतस्थळ करणार असाल, इयत्तावार, विषयवार, घटकवार मांडणी हवी असेल, तर तेच योग्य. एकट्याने महिन्याला दोन लेख लिहायला ते म्हणजे वाटाणे सोलायला विळा.

गुगल साइट्स हा आणखी एक पर्याय सुचवला जातो. शाळेची माहिती, वर्गखोल्या, पटसंख्या, संपर्क अशा न बदलणाऱ्या पानांना तो छान आहे. तारखेनुसार लेखामागून लेख लिहायला तो बनवलेलाच नाही.

स्वतःचा पत्ता घ्यावा का?

ब्लॉगरचा पत्ता 'ब्लॉगस्पॉट डॉट कॉम' असा संपतो. तो काहींना कमीपणाचा वाटतो आणि लगेच 'डॉट इन' विकत घ्यायची घाई होते. वर्षाला हजार रुपयांच्या आत-बाहेर खर्च आहे, फार नाही. फायदाही मोठा आहे : उद्या ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर गेलात तरी पत्ता तोच ठेवता येतो. पण तो दरवर्षी भरत राहायचा असतो. चुकला तर काही दिवसांची मुदत मिळते, मग तो पत्ता कोणीही घेऊ शकतं. लोक चालू-बोलू नावांवर नजर ठेवूनच असतात. तुम्ही पालकांच्या ग्रुपवर दिलेली जुनी लिंक मग एखाद्या दिवशी सट्ट्याच्या जाहिरातीवर उघडते. मुलांच्या हातात तोच फोन असतो. म्हणून पाच वर्षं तरी भरणार आहे असं ठरत असेल तरच स्वतःचा पत्ता घ्या. नाहीतर ब्लॉगस्पॉटमध्ये काहीही कमी नाही.

२०१४ पासून 'डॉट भारत' असा देवनागरीतला पत्ताही मिळतो. मराठी माणूस म्हणून मला त्याचं कौतुक आहे. पण असा पत्ता कॉपी करून पाठवला की बऱ्याच ठिकाणी तो रोमन अक्षरांच्या अगम्य साखळीत बदललेला दिसतो आणि पालक विचारतात, "मॅडम, हे काय आलंय, व्हायरस आहे का?"

पत्त्यावरून आणखी एक, छोटी दिसणारी पण फार उपयोगी गोष्ट. ब्लॉगरमध्ये लेखाला मराठी शीर्षक दिलं की त्या लेखाचा पत्ता आपोआप 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे काहीतरी आकडा असा तयार होतो. शंभर लेख झाले की सगळे पत्ते सारखेच. प्रकाशित करण्यापूर्वी उजवीकडच्या पट्टीत 'पर्मालिंक' म्हणून जागा असते, तिथे रोमन लिपीत 'हातच्याची-बेरीज-दुसरी' असं काहीतरी स्वतः लिहायचं. लेख एकदा प्रकाशित झाला आणि लिंक वाटली की मग पत्ता बदलू नका, कारण वाटलेल्या सगळ्या लिंक तुटतात.

मजकूर कशाने लिहायचा

या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण प्लॅटफॉर्म चुकला तर बदलता येतो, पण मजकूरच चुकीच्या पद्धतीने लिहिलेला असेल तर कुठेही नेला तरी निरुपयोगी.

आपल्या शाळांमध्ये, झेरॉक्सच्या दुकानांत आणि छापखान्यांत अजून जुने फॉन्ट चालतात. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यांच्यावर फक्त मराठी अक्षराचा मुखवटा चढवलेला असतो. असा मजकूर ब्लॉगमध्ये डकवला की मुखवटा उतरतो आणि स्वल्पविराम, कंस, आकडे यांचा काला दिसतो. मग काहीजण त्याचा फोटो काढून तो फोटोच ब्लॉगवर लावतात. दिसायला प्रश्न सुटतो. पण 'हातच्याची बेरीज' असं कोणी शोधलं तर हा लेख कधीच सापडणार नाही, कारण शोधयंत्राला तिथे शब्दच मिळत नाहीत. दृष्टिबाधित शिक्षक किंवा पालक स्क्रीन रीडर लावून ऐकू बघतील तर तो गप्प बसेल. आणि लहान पडद्यावर अक्षर मोठं करायला गेलं तर ते फुटेल.

उपाय एकच, युनिकोड. युनिकोडमध्ये 'क' हा कोणत्याही फोनवर, कोणत्याही संगणकावर, कोणत्याही फॉन्टमध्ये 'क'च असतो. फोनवर जीबोर्डचा मराठी कळफलक वापरता त्यावेळी तुम्ही युनिकोडमध्येच लिहीत असता, मुद्दाम काही करावं लागत नाही. बोलून टाइप करायची सोयही मराठीत आहे आणि दमून घरी आल्यावर ती मोठी देणगी वाटते. पण बोलून लिहिलेलं तसंच्या तसं प्रकाशित करू नका. विरामचिन्हं राहतात, न-ण आणि ऱ्हस्व-दीर्घ बिघडतात. शिक्षकाच्या लेखात 'पाणि' दिसलं तर पालक ते बरोबर समजून वहीत बघतात!

संगणकावर लिहिणाऱ्यांना माझी शिफारस इन्स्क्रिप्टची. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की हा कळफलक मिळतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. लोक त्याला उगाच घाबरतात. प्राथमिक शिक्षकाला तर तो सगळ्यात लवकर यावा, कारण त्याची रचना आपल्या वर्णमालेवरच आहे. स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'क'च्या कळीवर शिफ्ट धरलं की 'ख', 'ग'वर 'घ', 'त'वर 'थ', 'प'वर 'फ'. अल्पप्राण साधी कळ, महाप्राण शिफ्टसह. 'र'वर शिफ्ट धरलं की नुक्त्याचा 'ऱ' येतो, आणि त्याला हलन्त जोडून 'दऱ्या', 'सुऱ्या', 'तऱ्हा' हे शब्द नीट लिहिता येतात. रोमनमध्ये उच्चार लिहून मराठी उमटवणाऱ्या पद्धतीत नेमके हेच शब्द अडतात आणि मग 'दर्या' असं काहीतरी छापून जातं. रोज पंधरा मिनिटं सराव केला तर तीन-चार आठवड्यांत हात बसतो.

जुन्या फॉन्टमधलं साहित्य ज्यांच्याकडे भरपूर पडून आहे त्यांच्यासाठी रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात. त्यातून काढलेला मजकूर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी या तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून तपासावा.

पहिली-दुसरीच्या शिक्षकांसाठी एक खास बाब. २००९ च्या शासन निर्णयानुसार आपण मुलांना पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' शिकवतो. ब्लॉगवर आणि सरावपत्रिकेत मात्र बरेचदा हिंदी वळणाचे दिसतात आणि पहिलीतलं मूल गोंधळतं. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, आणि पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवलेली असेल तरच मराठी रूप पुढे येतं. म्हणून ब्लॉगच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडायला विसरू नका. सरावपत्रिका बनवताना मराठी वळणाचा फॉन्ट मुद्दाम निवडा. 'तिरो देवनागरी मराठी' हा गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि त्याची हिंदी व संस्कृत भावंडं वेगळी आहेत. म्हणजे हा फरक गंभीरपणे घेणारे लोक आहेत तर!

आणि लेख थेट ब्लॉगच्या चौकटीत लिहू नका. आधी गुगल डॉक्समध्ये किंवा साध्या नोट्समध्ये लिहा, तपासा, मग चिकटवा. रेंज गेली, बॅटरी संपली, तरी लिहिलेलं हाताशी राहतं.

खातं कोणाचं?

आमच्या भागातल्या एका शाळेचा ब्लॉग चांगला चालायचा. शाळेच्या सामाईक जीमेलवर तो काढलेला होता आणि ओटीपी येणारा नंबर तेव्हाच्या एका सरांचा होता. सरांची जिल्ह्याबाहेर बदली झाली, त्यांनी नंबर बदलला, मधल्या काळात कोणीतरी पासवर्डही बदलला. आज तो ब्लॉग इंटरनेटवर आहे. सहा-सात वर्षांचे उपक्रम त्यात आहेत. त्यात एक अक्षर घालता येत नाही, एक फोटो काढता येत नाही. ज्या पालकांनी नंतर मुलीचा फोटो काढून टाका अशी विनंती केली त्यांना सांगायला कोणाकडे उत्तर नाही.

बदली हा आपल्या नोकरीचा भाग आहे, तेव्हा ही व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. तुमचं स्वतःचं लेखन असेल तर ब्लॉग तुमच्या स्वतःच्या जीमेलवर, शाळेच्या नाही. शाळेचा ब्लॉग असेल तर शाळेच्या खात्यावर, आणि सेटिंगमधल्या 'पर्मिशन्स'मधून किमान दोन जणांना अ‍ॅडमिन करून ठेवा. नंबर बदलताना आधी खात्यातला नंबर बदला, मग सिमकार्ड. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच कोणाला दिला जातो. दुहेरी पडताळणी चालू केली की गुगल काही राखीव कोड देतं, ते छापून जपून ठेवावेत.

मुलं, पुस्तकं आणि जाहिराती

मुलांच्या फोटोंबाबत मी कडक आहे. काड्यांचा गठ्ठा बांधणारे हात दिसले की पाठ कळतो, चेहरा, नाव, इयत्ता आणि गावाचं नाव एकत्र दिसायची गरज नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक धरलं आहे आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आज सात वर्षांची असलेली मुलगी सतरा वर्षांची झाल्यावर तिचा तो फोटो तिथेच असणार आहे. पालकहो, तुम्हीही शाळेला हे विचारू शकता आणि विचारावंच. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशनची नोंद चालू असेल तर ती बंद करावी. फोटो लहान करूनच चढवावा. फोनमधला मूळ फोटो तीन-चार एमबीचा असतो, रुंदी हजार-बाराशे पिक्सेल केली की तो दोनशे केबीच्या आसपास येतो आणि कमी रेंजमध्येही पान उघडतं.

पाठ्यपुस्तकाची पीडीएफ स्वतःच्या ब्लॉगवर चढवू नका. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर अधिकृतपणे मोफत मिळतात, तिकडची लिंक द्या. पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर हक्काबद्दल काय छापलंय ते एकदा वाचा. शिवाय तुमच्याकडे जुनी आवृत्ती राहते आणि त्यांच्याकडे नवीन येते, हा व्यवहारातला तोटा वेगळाच.

जाहिरातींतून पैसे मिळतात का, असं खूपजण विचारतात. मिळतात, थोडे. पण जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत, ते वाचून आणि गरज असेल तिथे परवानगी घेऊनच पुढे जा. मला स्वतःला मुलांच्या सरावपत्रिकेशेजारी रमीची जाहिरात बघवत नाही.

टेम्पलेटबद्दल दोनच वाक्यं. ब्लॉगरची स्वतःची साधी थीम घ्या, कारण कुठून तरी उतरवलेल्या फुकट टेम्पलेटमध्ये लपवलेल्या लिंक आणि कोड असू शकतात. घड्याळ, भेट देणाऱ्यांचा आकडा आणि फिरती पट्टी यांनी पान जड होतं. आणि हो, कॉपी होऊ नये म्हणून काही ब्लॉगवर मजकूर निवडताच येत नाही अशी तजवीज असते. चोरणारा तरीही चोरतोच, अडकतो तो प्रामाणिक शिक्षक, ज्याला सरावपत्रिकेतली दोन उदाहरणं बदलून आपल्या वर्गासाठी छापायची होती. त्यापेक्षा शेवटी एक ओळ लिहा : वर्गात मोकळेपणाने वापरा, इतरत्र देताना माझं नाव द्या. बहुतेक लोक देतात.

सरावपत्रिका मात्र पीडीएफबरोबर बदल करता येईल अशा स्वरूपातही द्या. समोरच्या शाळेत आइस्क्रीमच्या काड्या नसतील, चिंचोके असतील.